गन शॉपमधल्या थापा आणि त्यांना मिळालेली सूट

अमेरिकेत जुनी गाडी विकणाऱ्याने खोटं सांगितलं तर त्याला कोर्टात खेचता येतं, केस उगवायचं तेल विकणाऱ्याला सरकारी नोटीस येते, आणि बंदूक विकणारा मात्र काउंटरवर कोपर टेकवून वाट्टेल ते सांगू शकतो, त्याला विचारणारं जवळजवळ कोणी नाही. बंदुका असाव्यात की नसाव्यात या वादात मी इथे पडत नाहीये, त्या वादात आजवर कोणाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही, माझंही नाही. माझा मुद्दा लहान आहे. वस्तू कायदेशीर आहे, दुकान कायदेशीर आहे, मान्य. पण ती विकताना जे बोललं जातं ते खरं असायला नको का?

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे २०२० पासून आपली देशी मंडळी पण त्या दुकानात दिसायला लागली. त्या एका वर्षात अमेरिकेत बंदूक खरेदीसाठीच्या बॅकग्राउंड चेकचा आकडा जवळपास ४ कोटींवर गेला होता, त्याआधी कधीच एवढा नव्हता, आणि कोविड, दंगली, आशियाई लोकांवरचे हल्ले हे सगळं टीव्हीवर बघून डॅलस, ह्युस्टन, अटलांटाकडच्या बऱ्याच आपल्या घरांत पहिल्यांदा हा विषय निघाला. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो, कुठली घेऊ? आणि खाली कोणीतरी लिहितं की दुकानात जा ना, ते लोक एक्सपर्ट असतात, नीट सांगतात. झालं. ज्या घरात बापजन्मात कोणी बंदूक हातात धरलेली नाही, पुण्यात असताना ज्यांची मजल दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुढे गेली नव्हती, ती माणसं काउंटरमागच्या माणसाच्या शब्दावर सातआठशे डॉलर मोजून घरी येतात.

तो काय सांगतो ते बघू. सगळ्यात फेमस सल्ला, घरासाठी शॉटगन घे, नेम धरायची गरजच नाही, नुसती त्या दिशेने धर आणि उडव, छर्रे पसरतात. हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटतं सगळी खोली एका बारात साफ होणार. छर्रे पसरतात हे खरंय पण किती? साधा ठोकताळा असा की नळीपासून दर यार्डाला साधारण एक इंच. आता घरात तुम्ही उभे कुठे आणि तो चोर कुठे, बेडरूमच्या दारापासून हॉलच्या टोकापर्यंत पाचसहा यार्ड धरा, म्हणजे सगळे छर्रे मिळून जेमतेम तळहाताएवढ्या जागेत लागणार. तळहाताएवढ्या जागेवर नेम धरावाच लागतो, तोही रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, हात थरथरत असताना. न धरता उडवलेली शॉटगन चोराच्या शेजारची भिंत फोडते आणि भिंतीपलीकडे आपलीच पोरं झोपलेली असतात.

त्याच सल्ल्याचा धाकटा भाऊ म्हणजे पंप शॉटगनमध्ये काडतूस चढवताना होणारा तो खट्याक-खट्याक आवाज, तो ऐकूनच चोर पळतो म्हणे. एखादा पळेलही. पण न पळणाऱ्याला तुम्ही आपण होऊन सांगितलंत की मी कुठे उभा आहे, माझ्याकडे काय आहे, आणि आत्तापर्यंत ती भरलेली नव्हती. आणि हे फक्त दुकानदारच बोलतात असं नाही हां, २०१३ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांनी जाहीरपणे सांगितलं की मी बायकोला सांगून ठेवलंय, काही गडबड वाटली तर डबल बॅरल घेऊन बाल्कनीत जा आणि बाहेर दोन बार काढ. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात एका माणसाने गाडी फोडणाऱ्यांना पळवायला खरंच हवेत बार काढला, पोलिसांनी त्याच्यावरच केस केली, आणि त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मी बायडन म्हणाले तसंच केलं!

मग भिंतींचा विषय. ही अमुक गोळी भिंतीतून जात नाही, शेजारी सेफ राहतात, बिनधास्त घ्या. आपल्याकडच्या विटांच्या किंवा आरसीसीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटतं पण, कारण भिंत म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर भिंतच येते. इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे दोन बाजूंना अर्ध्या अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे आणि मध्ये पोकळी, खुंटी ठोकताना सुद्धा लाकूड शोधावं लागतं. एफबीआय गोळ्यांची टेस्ट जिलेटिनच्या ठोकळ्यावर घेते आणि गोळी किमान १२ इंच, जास्तीत जास्त १८ इंच आत गेली पाहिजे अशी त्यांची अपेक्षा आहे, कारण माणसाच्या शरीरात महत्त्वाच्या जागी पोचायला तेवढं लागतं. जी गोळी बारा इंच जिलेटिन कापते ती जिप्समच्या दोन पत्र्यांना काय घाबरणार. आणि जी खरंच भिंतीत अडकेल ती माणसालाही धड थांबवणार नाही. माणसात शिरणारी पण भिंतीत न शिरणारी अशी गोळी ज्याला हवीये त्याला ती दुकानात नक्की मिळते, फक्त ती अस्तित्वात नसते.

स्टॉपिंग पॉवर हा तर काउंटरवरचा आवडता धडा. पंचेचाळीसची, म्हणजे ०.४५ इंच जाडीची, एक गोळी लागली की माणूस उडून मागे पडतो, नऊ एमएमने काय होतंय, डास चावल्यासारखं. आठवीच्या विज्ञानात न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या कोणालाही कळायला हवं की गोळी लागणाऱ्याला जेवढा धक्का बसतो साधारण तेवढाच बंदूक झाडणाऱ्याला बसतो, त्यामुळे तो उडणार असेल तर तुम्हीही उडाल. एफबीआयच्या १९८९ च्या रिपोर्टमध्ये हेच स्पष्ट लिहिलंय, पिस्तुलाची गोळी माणसाला ढकलून पाडत नाही, ती कुठे लागली आणि किती खोल गेली यावर सगळं असतं. तरी हा मोठ्या गोळीचा मोह जुना आहे. १९०४ मध्ये अमेरिकन आर्मीच्या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुराढोरांवर, शिवाय टांगलेल्या मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून बघितल्या आणि निष्कर्ष काढला की पंचेचाळीसच हवी, त्याचे दाखले आजही दिले जातात. नंतर ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मेले, पाच जखमी झाले, दरोडेखोराला लागलेली एक नऊ एमएमची गोळी हृदयापर्यंत पोचायच्या आधी थांबली होती, त्यावरून केवढं रामायण झालं, आधी १० एमएम आली, ती झेपेना म्हणून १९९० मध्ये पॉइंट फोर्टी (०.४० इंचाची गोळी) आली, देशभरातल्या पोलिसांनी ती उचलली आणि अर्थात दुकानदारांनी गिऱ्हाइकांना तीच गळ्यात मारली कारण एफबीआय वापरते ना! २०१५ च्या आसपास एफबीआय गुपचूप नऊ एमएमवर परत आली, गोळ्या सुधारल्या होत्या आणि नऊ एमएमने माणसं जास्त नीट नेम मारतात असं त्यांनाच दिसलं. आता पोलिसांनी टाकून दिलेल्या त्या फोर्टीच स्वस्तात येतात आणि त्या विकताना परत सांगतात, पोलिसांची गन आहे सर.

आता मला सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रकार. नवराबायको दुकानात गेले की बायकोला न विचारता तिच्यासमोर एक इवलीशी गन ठेवली जाते, बऱ्याचदा जांभळ्या नाहीतर गुलाबी रंगाची. हलकी आहे, पर्समध्ये मावते, लेडीजसाठी बेस्ट. आता गोळी तीच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं तर धक्का वाढणार की कमी होणार? वाढणार. छोट्या पॉइंट थर्टी-एट रिव्हॉल्व्हरचं वजन चारसव्वाचारशे ग्रॅम असतं आणि तिचा ट्रिगर ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो, नळी दोन इंचांची, नेम धरायला वर नुसती एक खाच. ही गन बरीच वर्षं सराव केलेल्या माणसाची आहे. पहिल्यांदा हातात धरणाऱ्या बाईला ती दिली की दोनचार बारांत मनगट दुखतं, गोळ्या कुठेतरी जातात, तिला वाटतं आपल्याला जमत नाही, गन कपाटात जाते आणि परत कधी बाहेर निघत नाही. थोडी मोठी, थोडी जड गन दिली असती तर तीच बाई तासाभरात नवऱ्यापेक्षा बरी मारायला लागते, सरावाच्या शूटिंग रेंजवर हे सर्रास बघायला मिळतं, पण ते सांगायचं तर समोरच्या बाईला शिकणारी व्यक्ती मानावं लागेल ना.

हसू नका, यात आपलं सरकारसुद्धा मागे नाही. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीने निर्भीक नावाची रिव्हॉल्व्हर काढली, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर त्या मुलीला मिळालेल्या नावावरून नाव, खास महिलांसाठी, वजन ५०० ग्रॅम, दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत, किंमत १ लाख २२ हजार ३६०. म्हणजे ज्या बाया रात्रीच्या बसने जातात त्यांच्या वर्षाच्या पगाराएवढी. शिवाय आर्म्स ॲक्टखाली लायसन्स लागणारच, ते मिळायला किती चपला झिजतात हे ज्याने अर्ज केलाय त्यालाच विचारा. आणि मुळात एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो, शेजारी, नातेवाईक, लग्नाचं आमिष दाखवणारा. त्या माणसावर पर्समधून रिव्हॉल्व्हर कधी काढायची होती? अनोळखी माणूस अंधारातून येतो हे चित्र विकायला सोपं, म्हणून तेच विकलं गेलं, टेक्सासमध्येही आणि कानपुरातही.

यानंतरचा भाग खास आपल्या लोकांसाठी कारण यात नुसते पैसे जात नाहीत, थेट विमानात बसून परत जायची वेळ येते. काउंटरवर हमखास ऐकू येतं, तुम्ही इथे लीगल आहात ना, मग काही प्रॉब्लेम नाही. आहे! ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते, पण एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, बी-टू, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. त्यामुळे काउंटरवरचा शहाणा सांगतो की ऑनलाइन हंटिंग लायसन्स काढ, वीसपंचवीस मिनिटांचं काम, आणि ते खोटंही नाहीये, फक्त पुढचं अर्धं तो सांगत नाही, की ते लायसन्स दरवर्षी संपतं आणि ज्या दिवशी संपलं त्या दिवसापासून घरातल्या कपाटातली तीच गन गुन्हा होते, २०२२ पासून शिक्षा १५ वर्षांपर्यंत. आणि विकत घेतली नाही, नुसती रेंजवर भाड्याने घेऊन उडवली तरी कायद्याच्या नजरेत ते बाळगणंच. रेहाईफची केस बघा, फ्लोरिडात एफ-वनवर आलेला पोरगा, नापास होऊन कॉलेजने काढल्यामुळे स्टेटस गेलं होतं, रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली खरी, आपलं स्टेटस गेलंय हे त्याला माहीत होतं असं सरकारने सिद्ध करायला हवं म्हणून, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आणि आपल्याकडे? आईबाबा उन्हाळ्यात बी-टूवर आले की त्यांना रेंजवर नेऊन आजोबांच्या हातात ग्लॉक पिस्तूल दिलेला फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो आणि खाली पन्नास अंगठे. रेंजवाला कशाला अडवेल, त्याला ताशी भाडं मिळतंय.

कायद्याचा दुसरा फुकट सल्ला याहून भयानक. दारात कोणी आलं आणि तुला भीती वाटली तर तू गोळी घालू शकतोस, आणि बाहेर पडला तर ओढून आत घे, म्हणजे घरात घुसला म्हणून सांगता येतं. ओढून आत घेणं म्हणजे पुरावा बदलणं, तो वेगळा गुन्हा, आणि नुसती भीती वाटली हे पुरत नाही, ती भीती शहाण्या माणसाला पटण्यासारखी होती का हे ज्युरी ठरवते. १९९२ मध्ये लुइझियानात हॅलोवीन पार्टीचं घर शोधत चुकीच्या दारात गेलेल्या सोळा वर्षांच्या जपानी एक्स्चेंज स्टुडंटला घरमालकाने गोळी घातली, तो फौजदारी केसमधून सुटला पण सिव्हिल दाव्यात साडेसहा लाख डॉलर भरायचा निकाल लागला. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत तसंच, भावंडांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने पत्त्यातल्या स्ट्रीट आणि टेरेसमध्ये गल्लत करून भलत्याच घराची बेल वाजवली, ८४ वर्षांच्या म्हाताऱ्याने काचेच्या दारातून गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला, म्हाताऱ्याने २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला. गणपतीत एकमेकांच्या घरी आरतीला जाताना आपण किती जण चुकीच्या घराची बेल वाजवतो, जरा आठवा. त्या दारामागे असाच सल्ला ऐकून आलेला माणूस असू शकतो.

बरं, हे सगळे दुकानदार लबाड आहेत का? मला नाही वाटत. काही आहेत, ज्यांना कपाटात पडून असलेला माल काढायचाय, किंवा जे प्रत्येक निवडणुकीआधी आता बंदी येणार म्हणून भाव चढवतात. (ओबामांच्या आठ वर्षांत ही हाकाटी रोज चालली, बंदी आलीच नाही, आणि ट्रम्प निवडून आल्यावर भीती संपली तसा धंदाही बसला.) पण काउंटरमागचा बहुतेक माणूस तासावर पगार घेणारा, बंदुकांची खरोखर आवड असलेला, आणि हे सगळं मनापासून खरं मानणारा असतो. त्याला त्याच्या आधीच्याने सांगितलं, त्याला काकाने, काकाला आर्मीतल्या कोणीतरी. प्रश्न असा की ही चूक कधी दुरुस्त का होत नाही? कुकरची शिट्टी झाली नाही तर बाई दुसऱ्या दिवशी कुकर घेऊन दुकानात हजर होते आणि चार लोकांसमोर दुकानदाराची काढते. घरासाठी घेतलेल्या बंदुकीचं तसं होत नाही. शंभरातले बहुतेक जण ती चोरावर आयुष्यात कधी उडवतच नाहीत, त्यामुळे काउंटरवरचा दावा कधी तपासलाच जात नाही. आणि जिथे तपासला जातो आणि खोटा निघतो तिथे तक्रार करायला गिऱ्हाईक उरलेलं नसतं किंवा वकिलाने त्याला गप्प बसायला सांगितलेलं असतं. ज्या धंद्यात माल वापरून बघितल्याची खबर परत दुकानात येतच नाही तिथे बाहेरून कोणीतरी बघायला हवं, आणि नेमकं तेच काढून टाकलंय.

ते कसं काढलं ते सांगतो, कारण हे इथे जन्मलेल्यांनाही माहीत नसतं. १९७२ मध्ये ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी कायदा झाला, सीपीएससी नावाचं कमिशन आलं, पाळण्यापासून टोस्टरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखाली. बंदुका मूळ कायद्यातच वगळल्या होत्या. मग काही लोकांनी निदान पिस्तुलाच्या गोळ्या तरी घातक पदार्थ म्हणून कमिशनने हाताळाव्यात अशी मागणी केली, तर १९७६ मध्ये संसदेने दुरुस्ती करून तो दरवाजाही बंद केला. परिणाम काय, तर २००१ मध्ये डेझी कंपनीच्या छर्ऱ्याच्या एअरगनमध्ये छर्रा आत अडकून राहतो, रिकामी वाटलेली बंदूक उडते, म्हणून कमिशनने कंपनीवर केस केली, सुमारे ७५ लाख एअरगन परत घ्या म्हणाले. शेवटी परत काही घेतल्या नाहीत, धोक्याची लेबलं आणि जनजागृतीवर तडजोड झाली, पण निदान केस तरी झाली. आता खरी रायफल घ्या. रेमिंग्टन ७०० चा ट्रिगर न ओढता बार उडतो अशा तक्रारी दशकानुदशकं होत्या, ट्रिगर बनवणाऱ्या इंजिनिअरनेच १९४८ मध्ये सुधारणा सुचवली होती, खर्च दर बंदुकीमागे साडेपाच सेंट, कंपनीने केली नाही. मोंटानात २००० साली आईच्या हातातली रायफल रिकामी करताना उडाली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. कंपनीने दोष कधी मान्य केला नाही, शेवटी खाजगी दाव्यातून तडजोड झाली आणि ट्रिगर बदलून द्यायची सोय झाली, तिथेही आकडा ७५ लाखच, योगायोग बघा. खेळण्यातल्या बंदुकीवर केस करणारं सरकार खऱ्या बंदुकीच्या वेळी बाहेर उभं होतं कारण कायद्याने त्याला आत यायला परवानगीच नाही. सिग साऊरचं पी-३२० पिस्तूल विशिष्ट कोनात पडलं तर उडतं हे २०१७ मध्ये बाहेर आलं तेव्हाही तसंच, ज्याला हवं त्याने कंपनीकडे पाठवून दुरुस्त करून घ्यावं, सक्ती कोणावर नाही. आणि ज्या काउंटरवर काल ते जगातलं सगळ्यात सेफ पिस्तूल होतं तिथे दुसऱ्या दिवशी काय सांगत होते? हेच.

त्यात २००५ मध्ये बुश यांच्या सहीने आलेला कायदा, पीएलसीएए, ज्याने बंदुकीचा कोणी गैरवापर केला तर बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर दावा लावणं जवळपास बंद केलं. त्यात फटी आहेत, २०१२ च्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारातल्या नऊ कुटुंबांनी अशाच एका फटीतून, म्हणजे कनेक्टिकटच्या जाहिरातबाजीविषयीच्या कायद्यातून, रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांकडून २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलर मिळवले. ती जाहिरात आठवत असेल तर रायफल घ्या आणि मर्दपणाचं कार्ड परत मिळवा अशा थाटाची होती. पण ही वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेल्यानंतरची, सात वर्षांहून जास्त चाललेली लढाई. आणि २०२५ मध्ये मेक्सिको सरकारचा बंदूक कंपन्यांवरचा दावा सुप्रीम कोर्टाने याच कायद्याखाली एकमताने फेटाळला, म्हणजे भिंत अजून मजबूत आहे.

इथवर मी जे बोललो ते बोलल्या जाणाऱ्या खोट्याबद्दल. न बोललेलं त्याहून मोठं आहे. घरात बंदूक आली की घर सुरक्षित होतं हे दुकानातलं पायाभूत वाक्य. २०२१ मध्ये अमेरिकेत गोळीने ४८,८३० माणसं मेली आणि त्यातली २६,३२८ आत्महत्या होत्या, निम्म्याहून जास्त. कॅलिफोर्नियात २ कोटी ६३ लाख लोकांचा बारा वर्षांचा हिशोब मांडून २०२० मध्ये एक अभ्यास छापून आला, पिस्तूल असलेल्या पुरुषांत स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण नसलेल्यांच्या जवळपास आठपट, बायकांत पस्तीसपट. चोर येईल म्हणून आणलेली वस्तू घरातल्याच कोणाच्यातरी वाईट रात्री हाताशी असते, आणि अशी वेळ टळली तर बहुतेक माणसं पुढे जगतात, पण बंदुकीने ती टळण्याची संधी फार कमी राहते. घरात वयात येणारा मुलगा आहे का, कोणी डिप्रेशनमध्ये आहे का, हे विचारणारा सेल्समन मला अजून दिसलेला नाही. होल्स्टर, म्हणजे गन कमरेला अडकवायचं पाकीट, हवंय का हे मात्र सगळे विचारतात.

आणि विचारता येतं, हे सिद्ध झालंय. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एकाच दुकानातून आठवडाभराच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांनी बंदुका घेतल्या आणि तिघांनीही काही तासांत आत्महत्या केली. दुकानाच्या मालकाला ते सहन झालं नाही, मग दुकानदार, रेंजवाले आणि सार्वजनिक आरोग्यवाले एकत्र बसले आणि पत्रकं, पोस्टर बनवली, गिऱ्हाइकात काय दिसलं तर विक्री थांबवायची, घरात कोणी खचलेलं असेल तर काही दिवस गन दुसरीकडे ठेवायची, मदतीचा नंबर कोणता, आता तो ९८८ आहे. राज्यातल्या जवळपास निम्म्या दुकानांनी ती लावली. कोणी सक्ती केली नव्हती. बंदूकवाल्यांनी बंदूकवाल्यांच्या भाषेत लिहिलं म्हणून चाललं, वॉशिंग्टनहून पाठवलं असतं तर केराच्या टोपलीत गेलं असतं.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं कारण दुसऱ्या बाजूचं पाप पण आहे. बंदुकांवर निर्बंध हवेत म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही. २००७ मध्ये टीव्हीवर एका खासदार बाईंना विचारलं की तुमच्या विधेयकात तुम्ही बॅरल श्राउडवर बंदी मागताय, ते म्हणजे काय हो, तर त्या म्हणाल्या की ते खांद्याचं काहीतरी, जे वर जातं. खरं तर ते नळीवरचं, हात भाजू नये म्हणून लावलेलं आवरण. ती क्लिप आजही दुकानांत चवीने दाखवतात, आणि कायदा करणारेच एवढे अडाणी असतील तर काउंटरवाल्याचं ऐकलेलं बरं असं नव्या गिऱ्हाइकाला वाटलं तर त्याला काय बोलणार.

मला लोक म्हणतात, अमेरिकेच्या घटनेची दुसरी दुरुस्ती आहे, बंदूक बाळगायचा हक्क आहे, तू कोण विचारणारा. हक्क घेणाऱ्याचा आहे हो, विकणाऱ्याला खोटं बोलायचा हक्क त्या दुरुस्तीत कुठे लिहिलाय? उलट ज्याला स्वतःच्या रक्षणाचा हक्क खरंच महत्त्वाचा वाटतो त्याने तर जास्त चिडायला हवं, कारण चुकीची गन, चुकीची गोळी आणि चुकीचा कायदा त्याच्याच गळ्यात बांधला जातोय. १९७६ ची ती दुरुस्ती मागे घ्या आणि सदोष बंदुका परत मागवायचा अधिकार कमिशनला द्या, एवढी मागणी करायला कोणाची बंदूक काढून घ्यावी लागत नाही. ते लगेच होईल असं मला अजिबात वाटत नाही.

तोवर एक करता येतं. त्या २००५ च्या कायद्यात सुद्धा वॉरंटी मोडल्याचा दावा वगळलेला नाही, तो लावता येतो. तेव्हा ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी काउंटरवरच्या माणसाला शांतपणे म्हणावं की ही भिंतीतून जाणार नाही, नेम धरावा लागणार नाही, पडली तर उडणार नाही, हे जे तुम्ही आत्ता बोललात ते बिलावर लिहून सही करून द्या. आणि व्हिसाचा प्रश्न असेल तर दुकानात विचारूच नका, वकिलाला फी द्या, ती गनपेक्षा स्वस्त पडते.